चिंचेने घासलेला वाडगा
ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण आज सुनेने देवाची भांडी चिंचेने घासायला घेतली आणि त्या आंबट वासाने मला सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या मामांच्या घरी नेऊन उभं केलं. मामा कापसाच्या व्यापारासाठी जपानात राहिले होते आणि येताना तिथल्या चहाविधीचे जुने मातीचे वाडगे घेऊन आले होते. सर्वांत जुना कोरियातला होता, बसकट, आतून चहाच्या तपकिरी डागांनी माखलेला. इंग्रज कलेक्टर चहाला येणार होता, आणि सुट्टीत आलेल्या मला त्या डागांची लाज वाटली. मामा आंघोळीला गेल्यावर तो वाडगा मीच चिंच आणि राखेने घासून लख्ख केला. मामांनी तो उचलून उजेडाला धरला, आतून बोट फिरवलं. “पिढ्यान्‌पिढ्यांच्या चहाचा रंग होता तो. त्याच्यासाठीच घेतला होता मी. कुणी घासला?” मी हात पाठीमागे लपवले. कामवाल्या मावशी म्हणाल्या, “म्या न्हाय, मालक.” “मग या घरात भांडी दुसरं कोण घासतं?” मामांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “धाकलं मालक, नखातली राख तेवढी काडा.” पुढे नोकरी लागल्यावर मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पितळीत चहा दिला, आईची चौकशी केली. ‘मावशी, तो वाडगा मी घासला होता,’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “चहा छान झालाय,” आणि उठलो.