पहिली ओळ रूथबाईची

आमच्या मंडळीतली दोन जुनी माणसं बांधावर भेटली, की पाऊसपाणी, बैलांची तब्येत विचारून होते आणि मग एक जण म्हणतो, "याकोबचं ते आठवतं का?" झालं! दोघांचीही कामं राहतात. माणूस गेला की त्याच्या गोष्टी कमी व्हायला पाहिजेत. याच्या वाढतायत. निम्म्या खोट्या आहेत. धानोऱ्याकडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये याकोब पेटी वाजवायचा आणि मी शेजारी ढोलकी. चौदा वर्षं. खऱ्या कोणत्या ते मला माहीत आहे. शिक्षण तिसरीपर्यंत, म्हणून सरळच लिहितो.

*

बाप्तिस्म्याआधी याकोब पावरी वाजवायचा. भोपळ्याची आणि शिंगाची, फुंकायची, हातभर लांब. होळीला तिच्यावर तीन गावं नाचायची. बाप्तिस्मा झाला आणि पावरी आढ्याला टांगली गेली. पाळकसाहेबांनी त्याला पेटी शिकवली. महिन्याभरात पेटी बोलायला लागली, पण पावरीसारखी! उपासनेत म्हाताऱ्यांचे पाय हलायला लागले.

पाळकसाहेबांनी विचारलं, "याकोब, पावरी सोडलीस ना?"

"सोडी दिन्ही साहेब. पन बोटं आयकतस नही."

*

उपदेश लांबला की पेटीतून बारीक सूर यायचा. एकच. पाळकसाहेब थांबायचे, बघायचे, पुन्हा सुरू करायचे. एकदा उपासनेनंतर त्यांनी त्याला धरलं.

"हा काय प्रकार?"

"हात चुकून लागला, साहेब."

"दर रविवारी?"

"दर रविवारी येळ व्हस ना, साहेब!"

पुढच्या रविवारी उपदेश अर्ध्या तासात आटोपला.

*

त्याला चार मुली. धाकटी रडकी होती. ती पेटीच्या सुराशिवाय झोपायची नाही, म्हणून हा घरी रोज सूर धरून बसायचा. परिणाम असा, की चर्चमध्ये गीत सुरू झालं की पोरगी झोपायची आणि उपदेशाला जागी होऊन रडायची. पाळकसाहेबांना वाटायचं, मुद्दाम शिकवलंय!

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाल्या एका ओळखीच्याने त्याला टोचलं, "चार पोरी, एक पेटी. पुढे वाजवी कोन?"

याकोब म्हणाला, "चारी जनी वाजवतीन. तुन्हा पोऱ्या आयकाले यी."

*

आमच्यात लग्नातही गाणं बाया उचलतात, बाप्ये वाजवतात. एक बाई पहिली ओळ एकटी म्हणते, मग बाकीच्या तिच्यामागे. याकोबने चर्चमध्येही तेच आणलं. पेटीवर पहिली ओळ वाजवायची आणि हात उचलायचा. मग बायांच्या बाजूने रूथबाई, म्हणजे त्याची बायको, ती ओळ एकटी म्हणायची. तिची ओळ संपली की पेटी, ढोलकी आणि सगळी मंडळी.

तिचा गळा उंच. पेटीही तिच्यासाठी उंच, काळी चारमध्ये. आम्हा बाप्यांच्या शिरा ताठायच्या.

मी म्हटलं, "सूर खाली घे. गळ्याले फास बसस."

"तू उचलस का गानं?"

"नही."

"मंग शिरा ताठू दे."

*

महाराष्ट्र झाला त्या सुमारास रूथबाई तापाने गेली. पाच दिवसांत. पुढच्या रविवारी याकोब पेटीवर हजर. तोंडावर काही नाही. काळी चारमध्ये पहिली ओळ वाजवली आणि हात उचलला.

कोणी उचलली नाही. एका ओळीएवढा वेळ गेला. मग त्याने पुढे वाजवलं आणि आम्ही गायलो. दुसऱ्या गीताला तेच. तिसऱ्यालाही.

आम्हाला वाटलं, महिनाभर चालेल. वर्ष झालं. जुने पाळक बदलून गेले, नवे आले. तरणे होते, शहरात शिकलेले. ते म्हणाले, "उपासनेला भोकं पडतायत. सूर खाली घ्या आणि सलग वाजवा." याकोबने मान हलवली आणि पुन्हा हात उचलला.

आम्हा पंचांची बैठक बसली. पेटी शाळामास्तराला द्यायची ठरली. हात वर करा म्हटल्यावर माझा हात पहिला वर झाला. ते लिहून ठेवतो.

मीच निरोप घेऊन गेलो. तो म्हणाला, "पेटी मंडळीनी शे. मन्ही नही." आणि सुंभाने खाट विणत राहिला.

*

मास्तर तयार माणूस. सूर खाली, काळी एकमध्ये घेऊन सलग वाजवलं, एक सूर चुकला नाही. आम्ही बाप्ये आरामात गात होतो. अर्ध्या गीतात लक्षात आलं, की आम्हीच गातोय. बायांची बाजू तोंड मिटून बसलेली. चारही गीतं तशीच गेली. याकोब मागे भिंतीला टेकून बसला होता. खाली मान.

पाळक म्हणाले, "बायांनो, गाणं येत नाही का?"

थोरली गंगाबाई उठली. "येस साहेब. पन रूथनी ओळ मास्तरनी खाई टाकी!"

मास्तरने स्वतःच पेटी बंद केली.

*

पुन्हा मलाच पाठवलं. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवलं होतं. अंगणात उभा राहून एवढंच म्हणालो, "रविवारी ये."

याकोबने वर पाहिलं नाही. "ढोलकी उतरेल शे तुन्ही. आवळी ले."

मी घरी जाऊन आवळली.

*

दोन वर्षांनी नाताळात बाहेरगावचे एक मोठे पाळक पाहुणे आले होते. चर्च भरलेलं, दारातही माणसं. याकोबने पहिली ओळ वाजवली आणि हात उचलला. सगळी मंडळी गप्प. पोरंसुद्धा.

पाहुणे इकडेतिकडे बघायला लागले. मग आमच्या त्याच तरण्या पाळकाकडे वाकून म्हणाले, "पेटी बिघडली का हो?"

त्यांनी पाहुण्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा. ओळ चालू आहे."