पाठीवरची हिरवी तार

माझ्या बायकोचे चुलते नुसते शेजारी येऊन बसले, तरी बंद पडलेली वस्तू आपलं दुखणं सांगायला लागते, असं माझं ठाम मत आहे. हे भवानीनगरचे तात्या. घराणं मूळचं मेंढपाळांचं, हे मात्र साखर कारखान्यात वायरमन. गावातला प्रत्येक आजारी मिक्सर त्यांच्या ओसरीवर येई. पण मालकानं आपण काय केलं ते कबूल केल्याशिवाय तात्या स्क्रूला हात लावत नसत. "मेंढराला बोलता येत न्हाय, मालकाला येतं," म्हणत. एका हेडमास्तरांनी रेडिओत पाणी गेल्याचं लपवलं, तर त्यांना चार कप चहा पाजून रेडिओ तसाच परत दिला.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत कॉम्प्युटरचे वर्ग चालवायचो. म्हणजे मला कॉम्प्युटर कळतो, असा माझ्यासकट बऱ्याच जणांचा समज होता. माझा पुतण्या पुण्याच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. पडद्यावर चित्रं उमटवणारं एक ग्राफिक्स कार्ड त्यांनी चाचणीपुरतं बनवलं होतं. जगात एकच नग! सोमवारी ते साहेबांपुढं चाललं नाही, तर पुतण्याची नोकरी जाणार होती. रविवारी ते माझ्याकडे ठेवून तो सुप्याला लग्नाला गेला. मी कार्ड उलटून पाहिलं, तर पाठीवर केसाएवढी हिरवी तार डकवलेली. मला ते फारच गबाळं वाटलं. पोराचं काम साहेबांना नीटनेटकं दिसावं, म्हणून मी ती नेलकटरनं अलगद काढून टाकली. दुपारी लग्नाहून येऊन पुतण्यानं कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, तर पडदा काळाठिक्कर. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून आम्ही जीपनं तात्यांची ओसरी गाठली.

"जावईबापू, काय केलंत?"

"काही नाही, तात्या."

"बरं. च्या घ्या."

तिसऱ्या कपाला पुतण्या हळूच म्हणाला, "माझ्याच हातून जळलं असणार." मी कप खाली ठेवला. नेलकटरसकट सगळं कबूल केलं.

"काका, तुम्ही?" पुतण्या ताडकन उठला. तात्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "खरं बोललाय. आता वरडू नगंस. तार कुठनं कुठं हुती?"

ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. तात्यांनी कॉम्प्युटर सुरू करायला लावला, खिशाएवढा रेडिओ चालू केला आणि कार्डावरून बोटबोटभर सरकवत नेला. आधी नुसती खरखर, मग एका कोपऱ्यात बारीक शिट्टी. "रेडिओत शिट्टी वाजती म्हंजी काळीज चालू हाय. हाक निघती, पर पोचत न्हाय." मग भिंग काढलं. "ह्ये दोन ठिपके बघा, ताजे चमकत्यात. हितली विजेची वाट छापताना चुकली आसंल, म्हणून बनवणाऱ्यानं वरनं तार टाकली. तुमी कचरा म्हणून काढली ती दुरुस्ती हुती, जावईबापू!"

पंख्याच्या जुन्या गुंडाळीतला तांब्याचा एक केस त्यांनी श्वास रोखून जोडला. श्वास आम्हीही रोखला होता. पुतण्यानं आपला प्रोग्रॅम लावला, तर पडद्यावर निळा गोल उमटला आणि संथ फिरू लागला.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुन्यांदा दाखव."

सोमवारी नोकरी वाचली. कंपनी पुढं बंद पडली. ते कार्ड कुठल्या कपाटात गेलं, पुतण्यालाही ठाऊक नाही. तात्याही आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो गोल सात वेळा पाहिला. आठव्यांदा पुतण्या आपणहून लावायला गेला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"नगं," ते म्हणाले. "दमलं आसंल ते."