पिल्लांचा खुराक

सासऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. शेजारच्या बायका म्हणतात, म्हातारं माणूस आहे, सोडून दे की. म्हातारे आहेत म्हणूनच सोडवत नाही. एवढं आयुष्य बघितलेल्या माणसाने गप्प बसून काय होऊ दिलं असतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी माझी धाकटी नणंद मुरगूडकडच्या सासरहून एक पिशवी घेऊन गडमुडशिंगीला आमच्या दारात आली. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचा नवरा हात उचलायचा. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते गिळलं होतं. त्या दिवशी ओठ फाटलेला होता, त्यामुळे गिळता येईना. सासूबाई कधीच्या गेलेल्या. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला नुसतं लेकीचं ताट वाढायला सांगितलं. आमचे मालक मात्र दोन दिवस कसेबसे थांबले आणि मग सुरू झाले. लोक काय म्हणतील, तिच्या सासरचे पावणे काय म्हणतील, असं किती दिवस चालायचं. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीचा ओठ बघितलासा का? तर म्हणतात, "बघितला की. पण तिचं घर तिथं हाय."

वन्संना बसून खाणं जमेना. कुठून तरी जुळवाजुळव करून त्यांनी गावरान पिल्लं आणली. परसात म्हशीच्या गोठ्याला लागून पत्र्याचं खुराडं उभं केलं, खाली भाताचं तूस पसरलं. पिल्लं मुठीएवढी होती आणि वन्सं दिवसभर त्यांच्यातच. एका संध्याकाळी जेवता जेवता मालकांनी जाहीर केलं, "कोंबड्या अंड्यावर आल्या तर ऱ्हा. न्हाय जमलं तर मी पावण्यांना फोन करणार. मग गप जायाचं." वन्सं "बरं" म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या. माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं. ते मालकांच्या डोक्यात ओतावं असं वाटलं होतं. ओतलं नाही, एवढंच.

श्रावणात झड लागली. खुराड्याच्या पत्र्याचं एक पान गळत होतं, खालचं तूस भिजून त्याचा चिखल झाला. एका सकाळी पिल्लं पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा झालेली, डोळे मिटलेले. खाली हगवण पडलेली, तिच्यात लालभडक रक्त. दोन तर आडवी झालेली होती. वन्संनी मला हाक मारली ती हाक माझ्या कानात अजून आहे.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं हळद चार, कुणी म्हणालं लसूण कुटून घाल, कुणी म्हणालं दृष्ट लागलीय. समोरच्या घरचा एकजण म्हशीला जुलाबावर दिलेली गोळी घेऊनच आला, म्हणे चुरून टाका पाण्यात, म्हशीला लागू पडली तर एवढ्याशा जिवाला न पडायला काय झालं. आमच्याकडे हे असंच आहे. दारात म्हैस असली की माणूस स्वतःला डॉक्टर समजतो. मी त्याची गोळी त्याच्या हातात परत ठेवली, एका मेलेल्या पिल्लाला कागदात गुंडाळलं आणि कामावर जायच्या आधी सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लू फाडून बघितलं. आतडं रक्ताने भरलेलं. म्हणाल्या, रक्ती हगवण आहे, कॉक्सी. ओल्या तुसातून पसरते. अँप्रोलियमची पावडर लिहून दिली आणि मला समोर बसवून समजावलं. लिटरभर पाण्याला सव्वा ग्रॅम, जास्त नाही, कमी नाही. कमी पडलं तर रोग हटत नाही, जास्त झालं तर पिल्लं मान मुरडून पडतात. पाच दिवस रोज ताजं करायचं, पुढचं मी सांगेन. दुसरं कुठलंही पाणी त्यांच्या तोंडाला लागता कामा नये. ओलं तूस काढून कोरडं घाला. "आणि टॉनिक घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्या जंतूला बी-वन जीवनसत्त्व लागतं. हे औषध ते त्याला मिळू देत नाही, म्हणून तो मरतो. तुम्ही वरून टॉनिक घातलं तर औषध वाया जातं. ते नंतर द्या, बरी झाल्यावर."

घरी येऊन मी हे सगळं अंगणात उभं राहून मोठ्याने सांगितलं. मामा कट्ट्यावरच बसलेले होते. मालक होते, वन्सं होत्या. कुणाला ऐकू आलं नाही असं होणं शक्य नाही, माझा आवाज गावाला माहीत आहे.

सव्वा ग्रॅम मोजायचा कशावर, तर शेजारच्या भाभींच्या काट्यावर. त्या घरी बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडतात, हुपरीचं काम आणतात. त्यांनी चांदी बाजूला सारली आणि पावडरीच्या पुड्या बांधून दिल्या, एकेका लिटरची एकेक. वन्संनी तूस बदललं, गळकं पान ताडपत्रीनं झाकलं, म्हशीच्या पाण्यावर फळी टाकली, न्हाणीचं सांडपाणी वळवलं. इतकं जिवापाड काम मी कुणाला करताना बघितलं नाही. मी एमआयडीसीत पॅकिंगला जाते, दिवसभर घरी नसते. तरी जाताना आणि आल्यावर मी भांडं बघत होते.

आणि पिल्लं मरतच राहिली. रोज सकाळी एखाददुसरं आडवं. पाणी मोजून, औषध मोजून, तरीही. वन्सं बोलायच्या बंद झाल्या. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या सारखं विचारत राहिल्या, प्रमाण बरोबर आहे ना, दुसरं पाणी पीत नाहीत ना, टॉनिक नाही ना? मी तिन्हीला शपथेवर सांगितलं. त्याच दिवशी मालकांनी मुरगूडला फोन लावला. म्हणाले, "काय, दिसतंयच की समदं. कशाला वाट बघायची?" पिल्लं अजून तडफडत होती आणि ह्यांनी बहिणीला न्यायला पावण्यांनी कधी यायचं ते ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीत लाईट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी सरळ परसात गेले. वन्सं ओढ्याकडे म्हशीचं गवत आणायला गेल्या होत्या. खुराड्यापाशी मामा उकिडवे बसलेले, हातात तपकिरी बाटली, आणि औषधाच्या पाण्यात धार सोडत होते. पाणी जेमतेम पिवळसर, तुसाच्या घाणीत एरवी कळलंही नसतं. त्या बाटलीचा वास मला ओळखू आला, मागे मला अशक्तपणा आला तेव्हा आणलेलं बी-कॉम्प्लेक्स होतं ते. आणि तोंडाने म्हणत होते, "प्या, लेकरांनो, प्या."

"मामा, हे काय कराय लागलायसा?"

दचकले, पण बाटली लपवली नाही. "काय न्हाय. ताकदीचं जरा घालतोय. बघ की कशी गळाल्यात."

"टॉनिक घालायचं न्हाय म्हणून सांगितलंतं की न्हाय मी? तुमच्या म्होरं सांगितलंतं!"

"त्या डॉक्टर पोरीला काय कळतंय? औषध अंगातली ताकद खातंय. वरनं खुराक नको व्हय?"

इथे मामांबद्दल सांगायला हवं. तरुणपणी ते तालमीत होते, जोतिबाच्या खेट्यांना, त्या पायी वाऱ्यांना, पळत डोंगर चढायचे. लाल मातीतून अंग बाहेर आलं, डोकं अजून तिथंच आहे. त्यांच्या लेखी जगात आजार असा नाहीच, आहे तो कमी खुराक. मला टायफॉईड झाला तेव्हा डॉक्टरनं पेज सांगितली होती, ह्यांनी बदाम उगाळून आणले. मालकांचा पाय मोडला तेव्हा महिनाभर घरात पायाचा रस्सा. एकदा म्हशीला ताप आला तर तिला अंडी पाजली होती. म्हशीने सोसलं. पिल्लांना सोसणार कुठून? आणि बाटली तळाला गेली होती, म्हणजे हे पहिल्या दिवसापासून चालू होतं. वन्सं पाणी भरून वळल्या की हे बाटली घेऊन जायचे. ज्या लेकीसाठी जीव तुटत होता तिच्याच पिल्लांना स्वतःच्या हाताने मारत होते, आणि वर माया करत होते.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सासऱ्यांशी असं बोलू नये हे मला माहीत आहे. भाभी भिंतीवरून डोकावल्या. भांडं मी उपडं केलं, बाटली उकिरड्यावर फेकली. मामा उठले आणि घरात गेले. वन्सं आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्या खाली बसल्या, गवताचा भारा तसाच डोक्यावर. मग उठून पुडी फोडली आणि पाणी नव्याने केलं.

त्यानंतर हगवणीतलं रक्त थांबलं. पिल्लं दाणे टिपायला लागली. पण निम्मी गेली होती.

आणि पावणे आले. वन्संचे सासरे आणि दीर. सोप्यात बसले, पाणी प्याले, मग सासरे मुद्दाम परसात जाऊन खुराडं बघून आले. "एवढीशी पिल्लं जगवता येईनात," ते बसता बसता म्हणाले, "ही हितं काय दिवं लावणार? चला, आवरा. तिकडं दोन म्हशी दावणीला हायत." मालक मान हलवत होते. नवऱ्याच्या हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी चहा घेऊन उभी होते. मामा समोरच होते. त्यांनी एकच वाक्य बोलायला हवं होतं, पिल्लं मी मारली, तिने नाही. मी त्यांच्यापुढे कप धरला आणि धरूनच ठेवला. त्यांनी कप घेतला, बशीत चहा ओतला आणि बशीत बघत बसले. मग मीच तोंड उघडलं. पण दाराआडून वन्सं बाहेर आल्या.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "औषधात टॉनिक मी घातलं. घालू नको म्हणून सांगितलंतं, तरी घातलं. आता कळलंय. ऱ्हायलेली मरायची न्हाईत. आणि मी येणार न्हाय."

मामांनी मान वर केली नाही. दीर उठून उभा राहिला, मालक "असं कसं, असं कसं" करायला लागले. मी मालकांना म्हटलं, "कोंबड्या अंड्यावर याय अजून वेळ हाय. तुमचाच शब्द हाय त्यो. पावणं, चहा घ्या, गार होतोय." पावणे चहा न घेताच गेले.

रात्रीची भांडी घासताना मी वन्संना विचारलं, मामांची चूक कशापायी स्वतःवर घेतलीत?

"पावण्यांच्या म्होरं आबांची मान खाली गेली असती, वैनी. मला बघवलं नसतं."

"मग आता काय वर हुती?"

त्यांनी धुतलेली ताटं उचलून आत नेली. मी घासत राहिले, तवा घासता घासता बोट कापलं.

उरलेल्या कोंबड्या मोठ्या झाल्या, थंडी सरताना अंड्यावर आल्या. मालक आता रोज सकाळी दोन अंड्यांची पोळी खातात आणि तुसाचं पोतं गाडीवरून आणून टाकतात. त्या फोनबद्दल बोलत नाहीत. वन्सं राहिल्या. गावातली माणसं पिल्लांची हगवण घेऊन आमच्या दारी यायला लागली, आणि कट्ट्यावर मामा बसलेले असायचे.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. मी परसात कपडे वाळत घालत होते. खालच्या गल्लीतला एकजण खोक्यात चार मरतुकडी पिल्लं घेऊन आला. मामांचा आवाज इथवर येत होता. लिटरला सव्वा ग्रॅम, मोजून. दुसरं पाणी झाकायचं. तूस कोरडं पायजे. सगळं बरोबर सांगत होते. मग म्हणाले, "आणि टॉनिक अजिबात घालायचं न्हाय बरं का. आमच्या पोरीनं ती चूक केलती, निम्मी घालवली."

ओली साडी हातातून खाली पडली. मी तशीच पुढच्या अंगणात गेले.

"मामा, कुणी केलती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोकंवाला एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात वन्सं पदरात अंडी घेऊन खुराड्याकडून आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, असू दे वैनी. पण त्या म्हणाल्या नाहीत. कट्ट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मी घातलतं," मामा म्हणाले. "पोरीनं न्हाय. मी."

खोकंवाल्याला त्याचं काही नव्हतं. "व्हय? बरं, लिटरला किती म्हणालासा?" त्याने विचारलं.

"सव्वा ग्रॅम," वन्संनी सांगितलं. "थांबा, मोजून देते." त्या आत गेल्या. अंडी टोपलीत ठेवली, पुडी काढायला फडताळाशी गेल्या, आणि तिथेच भिंतीला डोकं टेकून रडायला लागल्या. ओठ फाटून आल्या होत्या त्या दिवशी नव्हत्या रडल्या, पिल्लं मरत होती तेव्हाही नाही. मी पुडी घेतली आणि बाहेर नेऊन दिली. मामा कट्ट्यावरच होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.