काळ्या शॉटमधला तिचा चेहरा

गड्यांनो, आज सांगलीच्या घाटावर मी नवरदेवाचं थोबाड फोडलं.

प्री-वेडिंगचं शूट होतं, कॅमेऱ्यावर मी. नवरी तीच, जिच्यापायी मी कॉलेज सोडलं. मावळतीला आम्ही आभाळाकडं बघून एक्स्पोजर लावतो. चेहरे काळे येतात, पण एडिटिंगला उजळता येतात. जास्त उजेडानं पांढरं पडलेलं, जळालेलं आभाळ परत येत नाही.

रेकॉर्डिंग चालू असतानाच तिला कॅमेऱ्यापुढं उभी ठेवून नवरदेव मॉनिटरपाशी आला. मोठ्यानं हसला, "लय काळी दिसतीया रं! तशी हायच म्हणा."

मी बुक्की घातली. त्यानं लाथ घातली, कॅमेरा पायऱ्यांवर फुटला. त्याच्या ओठाचं रक्त पुसत ती माझ्यावरच ओरडली, "तुला कुणी बोलवलंय मधी? निघ!"

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तेवढं वाचलं. आत्ता तो शॉट उजळून बघितला. तो हसला तेव्हा तिचे डोळे भरून आलेत.

तिला हा तुकडा पाठवू, का गप बसू?