शोकेसमधली वाइन

आम्ही हिमायतनगरचा फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांच्या पहिल्या साहेबांनी रेड वाइनची बाटली भेट दिली होती. साहेब जुने हैदराबादी. "अंधेरे में रखो, लिटा के. जित्ती पुरानी, उत्ती अच्छी," असं बजावूनही गेले होते.

आम्ही ती हॉलच्या शोकेसमध्ये उभी केली, ट्यूबलाइटखाली. आडवी ठेवली तर लेबल दिसेना, आणि साहेबांनी दिलेली वस्तू कपाटात कोंबणं मला पटेना. आमच्यात दिलेली वस्तू देणाऱ्याला घरात दिसावी लागते. नाहीतर तो म्हणतो, दिली असेल पुढे कुणाला तरी. दर दसऱ्याला मी ती स्वतः पुसायचे. उन्हाळ्यात काच हाताला चांगली कोमट लागायची. लागेना का, म्हणायचे.

गेल्या रविवारी साहेब जेवायला आले. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर पहिल्यांदाच कुणाकडे. फोनवर त्यांनी सांगितलं होतं, डॉक्टरांनी हो-ना करत एकच ग्लास वाइनला परवानगी दिलीय, पुन्हा मागायची नाही या अटीवर. तो ग्लास तुमच्याकडच्या बाटलीतलाच घेणार. मी बेतानं तिखट घालून काळ्या मसाल्याचं मटण केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या. आबिड्सच्या बाजारातून उंच दांड्याचे ग्लास आणले. मिरवायची हौस मला पहिल्यापासूनच.

ह्यांनी बूच ओढलं तर त्याचा भुगाच झाला. शेवटी स्वयंपाकघरात नेऊन चहाच्या गाळणीनं गाळली. रंग चिंचेच्या कोळासारखा, आणि वास सरळसरळ व्हिनेगरचा. ह्यांनी थेंबभर चाखून माझ्याकडे पाहिलं. तोवर बाहेरून साहेबांची हाक आलीच, "लाओ भई."

नाइलाजानं ह्यांनी ग्लास भरून पुढे ठेवला. साहेबांनी एक घोट घेतला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"साहेब, राहू द्या. नासलीय. आम्हीच नासवली," म्हणत मी ग्लासाला हात घातला. त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला.

"इत्ते साल संभाल के रखे तुम लोगां," ते म्हणाले. "अब फेंकूँ कैसा?"

मग मटणाच्या एकेका घासाबरोबर, तोंड जराही वाकडं न करता, त्यांनी आपला तो एकुलता एक ग्लास संपवला.