सकाळी डब्यात काय होतं?

गेल्या पावसाळ्यात माझे चुलत दीर फवारणी करून निघाले आणि घराची वाट विसरले. जन्मभर ज्या पांदीनं ये-जा केली, तिच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी मलाच विचारलं, "वैनी, आमचं घर कुणीकडं?" मला आधी हसू आलं. मग त्यांचे डोळे बघून मी त्यांना हाताला धरून घरी नेलं.

तेव्हापासून भीतीनं माझ्या घरात बिऱ्हाड केलं. आमचे हेही पाठीला पंप लावून सोयाबीन फवारतात, आणि तेही उघड्या तोंडानं. फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, "दम कोंडतो." शेवटी शेजारच्या गोरेगावच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी व्हिटॅमिन ईची गोळी दिली. फवारणीच्या विषानं मेंदूला होणारी इजा हिनं कमी होईल अशी आशा आहे, खात्री नाही. खरं राखणारं म्हणजे तोंडाला फडकं आणि हातात मोजे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी त्यातली आशा तेवढी पदरात बांधून आणली.

रोज सकाळी भाकरीनंतर गोळी मी माझ्या हातानं द्यायची. संध्याकाळी हे हातपाय धुऊन बसले की परीक्षा.

"सकाळी डब्यात काय होतं?"

"शेपूची भाजी, मास्तरीणबाई."

बरोबर आलं की माझा जीव भांड्यात पडायचा. एकदा हे मुद्दाम गप्प बसले, तर मी रडायलाच लागले. नंतर कडाकडा भांडले ते वेगळं. असली थट्टा करतात का?

फवारणीच्या दिवशी माझं काम सोपं. विहिरीवरून पाणी आणायचं, बादलीत औषध ओतायचं, ढवळायचं, पंप भरून द्यायचा. ढवळायला काडी असायची, पण हातानं लवकर होतं. पंप यांच्या पाठीवर, म्हणून भीतीही यांचीच, असं मी धरून चालले होते.

परवा न्याहारीनंतर हे माझ्याकडं बघतच राहिले.

"काहून असं बघून राहिले?" मी विचारलं.

"तू गोळी दुसऱ्यांदा देऊन राहिली. आत्ताच घेतली न्हाई का मी?"

मला थट्टाच वाटली. पण हे हसले नाहीत. त्यांनी माझा हात नाकाशी नेला. साबणानं धुतलेल्या हाताला आदल्या दिवशीच्या औषधाचा वास होता.

"बादलीत तर दर खेपेला तुझाच हात असतो गं," ते म्हणाले. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

आता हे स्वतः काडीनं ढवळतात, तोंडाला फडकं बांधून. मला बादलीजवळ फिरकू देत नाहीत. डॉक्टरांनी मला तपासलं, पण एवढ्यात काही सांगता येत नाही म्हणाले. गोळी आता दोघंही घेतो.

संध्याकाळची परीक्षा मात्र आता हे घेतात, माझी. मी लबाडी करते, उत्तर सकाळीच पाठ करून ठेवते. खुरपताना, भांडी घासताना मनात घोकत राहते, पिठलं, पिठलं. आणि दुपार कलली की घोकणं मध्येच थांबतं. हे पिठलं आजचं, की कालचं?