चहात बुडवलेली नळी

परवा पांढुर्ण्याच्या स्टँडवर प्लास्टिकच्या पातळ कपात चहा मिळाला. तोंडाजवळ नेला तर प्लास्टिकचा वास आला, आणि मला आमचं रामाकोन्याजवळचं वावर आठवलं. संत्र्याची कलमं नवीनच लावली होती, पानं माना टाकत होती, अन् ऐन थंडीत ठिबकची काळी नळी मधोमध तुटली. त्या प्लास्टिकला सोल्युशन चिकटत नाही, जोडणीच बसवावी लागते. पण गारठ्यानं नळी लाकडासारखी कडक झालेली, आणि लाईट दुपारी जाणार, म्हणजे मोटर बंद. मी दगडानं ठोकून राहिलो होतो, नळीला शिव्या घालत होतो. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिनं नळीचं तोंड माझ्या गिलासात बुडवलं. "चहाची नासाडी कायले करून राहिली?" मी ओरडलो. "तुमच्यावानीच आहे नळी," ती म्हणाली, "जोर केला का अकडते, ऊब भेटली का नरम येते." खरंच, नळी जोडणीवर अलगद चढली आणि थंड होताच आवळून बसली. दुसरं तोंडही तिनं तसंच बसवलं. पाणी कलमांपर्यंत गेलं. मग तिनं तोच चहा दोघांत वाटला. मी म्हटलं, "वास मारून राहिला." "प्या गुमान. तुमच्या बोलण्याइतका कडू नाही." तिच्याशिवायचा हा पहिलाच हिवाळा. पोरगा म्हणतो, बाबा, उन्हानं नळी तडकून राहिली, सगळीच बदलू. मी सांगितलं, बाकीची बदल, तो जोड काढायचा नाही.